आमच्या मेसची एकुलती एक मेंबर

आमच्या मुलीने हायस्कूल संपल्यावर कॉलेजला जायच्या ऐवजी कुत्र्यांच्या वसतिगृहात नोकरी धरली. ही बातमी मी पुण्याला आईला बरेच दिवस सांगितलीच नव्हती. सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे कुत्र्यांच्या डॉक्टरकडे का?" मी म्हटलं, "नाही गं, डॉक्टर वेगळा. हे हॉटेल आहे." त्यानंतर आईने विषय बदलून पुण्यातल्या पावसाचं सांगायला सुरुवात केली.

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोतले लोक सुट्टीवर जाताना आपली कुत्री तिथे ठेवून जातात. कुत्र्यांना स्वतंत्र खोल्या आहेत, डुंबायला हौद आहे, दुपारी दिवे मंद करून झोपवतात. रात्री झोपताना कुणी शेजारी बसून कान खाजवून द्यायला हवे असतील तर त्याचे पैसे वेगळे. कान खाजवून देणारी ती आमची मुलगी. लहानपणी स्पेलिंग बीच्या स्पर्धा, मग रोबोटिक्स, मग भरतनाट्यम, आणि या सगळ्यासाठी मी हायवेवर घातलेली वर्षं, असं सगळं करून ती पोचली कुठे, तर कुणाच्या तरी लॅब्रेडॉरच्या कानापाशी.

बरं, कॉलेजची अ‍ॅडमिशन मिळाली होती. तिने ती एक वर्ष पुढे ढकलली. इथे त्याला गॅप इयर म्हणतात आणि गोऱ्या पोरांनी घेतलं की ते फार छान दिसतं. आमच्यात ते कुणी घेत नाही, त्यामुळे कसं सांगायचं याची कुणाला सवय नाही. मराठी मंडळाच्या पिकनिकला एका काकूंनी विचारलंच, "मुलगी काय करते सध्या?" माझा नवरा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "अ‍ॅनिमल केअरमध्ये आहे. ऑपरेशन्स साइडला." काकू खूश झाल्या. "म्हणजे व्हेट होणार!" नवरा म्हणाला, "बघू या, अजून डिसाइड करतेय." ऑपरेशन्स साइड म्हणजे खराटा आणि बादली, हे त्याने काकूंना सांगितलं नाही.

मला अशी तोंडावरची लपवाछपवी जमत नाही. मला ओरडणं जमतं. तो अख्खा उन्हाळा मी ओरडले. ती सकाळी जांभळा टी-शर्ट घालून जायची, संध्याकाळी कुत्र्यांचा वास घेऊन यायची, मी वाढलेलं जेवायची, जेवता जेवता माझं कॉलेजवरचं भाषण ऐकायची आणि "ओके, आई" म्हणून झोपायला जायची. भिंतीला चेंडू मारला तर तो निदान परत तरी येतो.

खरं सांगायचं तर मला दोनच गोष्टी हव्या होत्या. तिने कॉलेजला जावं, आणि तोवर माझ्या डोळ्यांसमोर राहावं. त्यातही दुसरी जास्त हवी होती, पण ते मी कुणाजवळ बोलत नव्हते. एकुलती एक मुलगी आहे. ती घरात नसली की ते घर म्हणजे एसीची खरखर आणि माझा नवरा.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक टेक्सासचीच बाई बसते. सगळ्यांना हनी म्हणते, मॅनेजरलासुद्धा. तिचा मुलगा टायरच्या दुकानात कामाला आहे आणि राहतो आईकडेच. अठरा वर्षांचा झाल्यापासून ती त्याच्याकडून दर महिन्याला राहण्या-जेवणाचे पैसे घेते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन पुण्याला फोन लावून ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती. आई म्हणाली होती, "पोटच्या पोराकडून? शिव शिव!" आणि मग आम्ही दोघींनी मिळून अमेरिकन संस्कृतीची यथेच्छ निंदा केली होती. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

आता मात्र मी तिच्या टेबलाला खुर्ची लावून बसले. म्हटलं, नीट सांग बघू. ती म्हणाली, "हनी, फुकट आहे तोवर कशाला कोण हलेल? माझा तीन महिने पैसे देऊन वैतागला आणि स्वतःच्या हाताने कॉलेजचा फॉर्म भरला त्याने." मी कान टवकारले. पैसे गेले चुलीत. टोचणी महत्त्वाची. टोचलं की पोरगी वैतागेल, वैतागली की कॉलेजला जाईल, असा सरळ साधा हिशेब होता. आपल्याकडच्या मुली किती पटकन वैतागतात हे मला माहीत होतं, कारण मी स्वतः तशी आहे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "स्वतःच्या मुलीकडून भाडं घ्यायचं?" तो म्हणाला. "कसं वाटतं ते?"

माझा नवरा अकोल्याचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला आणि चार वर्षं सदाशिव पेठेत एका काकूंच्या मेसमध्ये जेवला. मी जन्मापासून पुण्याची, त्यामुळे मेसचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरी मेसला जेवणाऱ्या मुलांचा विषय निघाला की सगळे "बिचारी" म्हणायचे. पण हा बिचारा वगैरे मुळीच नव्हता. याला आपल्या प्रोफेसरांची नावं आठवत नाहीत, थर्मोडायनॅमिक्स तर त्याला तेव्हाही येत नव्हतं, पण मेसचा एक एक नियम तोंडपाठ आहे. पोह्यांवर खोबरं कमी पडलं तरी त्याची मेसची आठवण निघते. आताही त्याला तीच आठवली असावी, कारण त्याचा चेहरा उजळला.

"भाडं नको म्हणू या," तो म्हणाला. "मेस म्हणू या."

झालं. नाव बदललं आणि त्याच्या मनाची टोचणी संपली. तिथेच मी त्याला थांबवायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष मुलीला टोचण्याकडे होतं.

रविवारी दुपारी आम्ही तिला डायनिंग टेबलापाशी बसवलं. मी गंभीर चेहरा करून सुरुवात केली, की तू आता अठरा पूर्ण आहेस, कमावती आहेस, तेव्हा घरात काहीतरी द्यायला हवंस. आकडा सांगितला. तिच्या हॉटेलात एखादा कुत्रा चार-पाच रात्रींचे देतो त्याच्या आसपासच होता, महिन्याभरासाठी, आणि त्यात कुत्र्याला गरम पोळ्या मिळत नाहीत. मला वाटलं होतं ती रडेल. पाय आपटेल. निदान "अनबिलीव्हेबल" तरी म्हणेल. ती म्हणाली, "ओके. फेअर."

मग नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. पैसे एक तारखेला आगाऊ. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं, आणि त्याबदल्यात रविवारी रात्री मेस बंद, ज्याने त्याने आपलं बघायचं. पाहुणा आणला तर गेस्टचे पैसे वेगळे. सोडायची असेल तर महिनाभर आधी सांगायचं. मी मान डोलवत होते. रविवारी रात्रीची सुट्टी मला आवडली होती. शेवटी तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "आणि खाडा."

"खाडा म्हणजे?" तिने विचारलं.

"एखाद्या दिवशी जेवायचं नसेल तर आदल्या रात्री सांगायचं. त्या जेवणाचे पैसे वजा होतात. खाड्याशिवाय मेस म्हणजे नुसती लूट असते. आमच्या काकू कडक होत्या, पण खाडा कधी बुडवला नाही त्यांनी."

"वेट. आय डोन्ट ईट अँड आय गेट मनी बॅक?"

"आदल्या रात्री सांगितलंस तर," तिचा बाप अभिमानाने म्हणाला.

"वॉव, बाबा. आमच्याकडे डॉग नाही जेवला तरी फुल चार्ज करतात."

बाप-लेकीने हातावर हात मारला. टायरच्या दुकानातल्या मुलाची आई भाडं घेते तेव्हा ती फक्त भाडं घेते. पोरगा जेवला काय, न जेवला काय, तिच्या पैशाला त्याने फरक पडत नाही. आम्ही मात्र अमेरिकन रीत उचलली आणि तिला सदाशिव पेठेचं शेपूट लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या तारखेला तिने फोनवरून पैसे पाठवले, खाली एक बदाम काढून. आणि त्या दिवसापासून माझ्या घरातलं माझं राज्य खालसा झालं.

आधी ती म्हणायची, "आई, भाजीत मीठ कमी आहे," तेव्हा मी म्हणायचे, "आहे ते गिळ." आता तिने तेच म्हटलं की नवरा माझ्याकडे बघायचा. मी उठून मीठ आणून द्यायचे. एका आठवड्यात दोनदा दुधी झाला तेव्हा तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "इज देअर, लाइक, अ मेन्यू?" नवऱ्याला एकदम आठवलं की मेसच्या दारात फळा असायचा, त्यावर आजची भाजी लिहिलेली असायची. दुसऱ्या दिवशी त्याने पांढरा फळा आणून फ्रीजवर लावला. मी त्यावर लिहिलं, "जे असेल ते." तो फळा तसाच राहिला काही दिवस.

तिच्या खोलीत मी दार वाजवून जायला लागले. का, तर पैसे देणाऱ्या माणसाच्या खोलीत असं घुसता येत नाही, असं मला माझ्याच घरात सांगण्यात आलं. "किती वाजता येणार?" हे विचारायची सोय राहिली नाही. एकदा जेवताना मी कॉलेजचा विषय काढलाच, तर नवरा हळूच म्हणाला, "आमच्या मेसच्या काकूंनी मला कधी विचारलं नाही, सेमिस्टरचं काय झालं म्हणून."

"म्हणूनच तुझे दोन विषय राहिले," मी म्हटलं.

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. ते दिवस खरं म्हणजे वाईट नव्हते. ती जेवताना कुत्र्यांच्या गोष्टी सांगायची. एक बुलडॉग होता, त्याला टीव्ही लावल्याशिवाय झोप यायची नाही. एक बाई रोज रात्री व्हिडिओ कॉल करून आपल्या पूडलला अंगाई म्हणून दाखवायची आणि पूडल त्या वेळी दुसरीकडे बघत बसायचा. मी भाषण द्यायचं बंद केल्यावर ती बोलायला लागली, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला वाटायचं, आधी वैतागू दे, मग बोलू.

ती वैतागली नाही. तिने खाडे धरायला सुरुवात केली.

आमच्या तिघांचा एक ग्रुप आहे फोनवर. त्यावर एका रात्री मेसेज आला, "टुमॉरो डिनर खाडा." आम्ही दोघं हसलो. एवढं मराठी शिकवायला शनिवारच्या मराठी शाळेत वर्षं घातली तेव्हा पोरीने "माझे आवडते फळ" पलीकडे मजल मारली नव्हती, आणि हा शब्द कसा एका दमात शिकली! पुढे पुढे तर ती "आय अ‍ॅम खाडाइंग टुनाइट" असंही म्हणायला लागली. नवऱ्याने ते ऑफिसात चार जणांना सांगितलं.

मग खाडे वाढले. आठवड्याला दोन, मग तीन, मग चार. तिच्या हॉटेलात कुत्र्यांचे मालक खूश होऊन पिझ्झा पाठवायचे, कधी सँडविचेस उरायची. तिथे जेवलं की पोट भरायचं आणि इथे पैसे वाचायचे. हिशेब चोख होता. महिनाअखेरीस नवरा तिचे खाड्यांचे पैसे प्रामाणिकपणे परत करायचा, काकूंच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. माझ्या हातचं जेवली नाही याबद्दल आम्ही आमच्याच मुलीला बक्षीस देत होतो.

आमचं डायनिंग टेबल फार मोठं आहे. घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, माणसं येतील, जातील. आता त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला नवरा, प्रत्येकाच्या ताटापुढे फोन. एक दिवस मी तीन पोळ्यांचं पीठ मळलं आणि ते इतकंसं दिसलं परातीत की मला भडभडून आलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कांदा. परातीजवळ कांदा नव्हता, पण तो अकोल्याचा सज्जन माणूस आहे, त्याने मानलं.

मला माझी मुलगी जेवायला हवी होती. कॉलेज गेलं खड्ड्यात, असं मी त्या परातीसमोर मनातल्या मनात म्हणाले आणि म्हणाल्यावर मलाच दचकायला झालं.

मग मी इरेला पेटले. मधल्या वारी साबुदाणा वडे. पावभाजी. मटार करंज्या. ज्या बासुंदीसाठी माणसं दिवाळीपर्यंत थांबतात ती मी बुधवारी आटवली. दुपारी मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून मी वड्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. तिकडून लाळ गाळणारा चेहरा यायचा, आणि खाली "बट आय ऑलरेडी टूक खाडा." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खाडा आदल्या रात्री लागतो, म्हणजे जाहिरातही आदल्या दिवशीच करायला हवी. मी फ्रीजवरचा फळा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "उद्या रात्री कोथिंबीर वडी, मसालेभात, मठ्ठा." खाली, माझी मलाच लाज वाटत असतानाही, "गरम" असं लिहून दोन रेघा मारल्या. पुण्यातल्या कुठल्याही मेसवाल्या काकूंनी एका मेंबरसाठी एवढं केलं नसेल. त्यांच्याकडे निदान पन्नास पोरं असायची.

ती फळा वाचायची, "ऑ, आई!" म्हणून माझ्या गळ्यात पडायची, आणि रात्री खाडा टाकायची.

"वाळली आहे ती," मी नवऱ्याला म्हणायचे. "नाही गं, तशीच आहे," तो म्हणायचा. पुरुषांना मूल अर्धं होईपर्यंत काही दिसत नाही.

शेवटी एका रविवारी माझा तोल सुटला. फीस्टला श्रीखंड-पुरी होती. रविवारचा खाडा ती कधी धरायची नाही, तेवढी हुशार होतीच. पुरी तळता तळता मी कढईपाशीच वळून म्हणाले, "आजपासून खाडा बंद. रोज घरी जेवायचं."

"असं महिन्याच्या मध्येच नाही बदलता येत नियम," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तू आणि तुझी मेस."

मुलीने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "अ‍ॅक्चुअली," ती म्हणाली, "मला पण सांगायचं होतं. धिस इज माय नोटीस. वन मंथ. बाबा म्हणाले होते ना, आधी सांगायचं."

मला आधी कळलंच नाही. नवऱ्याला कळलं, कारण त्याचा हात पुरीसकट ताटावर तसाच थांबला. हॉटेलातल्याच दोन मुलींबरोबर तिने हायवेच्या पलीकडे अपार्टमेंट बघितलं होतं. कामापासून जवळ. डिपॉझिट भरायला पैसे लागत होते, ते तिने जमवले होते. कशातून जमवले ते तिने सांगायची गरजच नव्हती. माझ्या बासुंदीवर, मटार करंज्यांवर आणि कोथिंबीर वड्यांवर पाणी सोडून जमवले होते.

मी गॅस बंद केला. "एक पैसा देऊ नकोस," मी म्हटलं. "इथेच राहा. फुकट राहा. मेस बंद."

"नो, आई."

"का नो?"

ती तिच्या त्या धेडगुजरी भाषेत, पण फार सावकाश म्हणाली, "फुकट राहत होते ना, तेव्हा यू येल्ड अ‍ॅट मी एव्हरी सिंगल डे. आणि मग आय स्टार्टेड पेइंग, आणि तू मला विचारायला लागलीस, व्हॉट डू यू वॉन्ट टु ईट. नॉक करून रूममध्ये यायला लागलीस. आय लाइक्ड दॅट. आय वॉन्ट टु लिव्ह लाइक दॅट."

मला फार वाईट वाटलं. राग मला रोजच येतो, त्याचं काही नाही, पण हे वाईट वाटणं नवीन होतं आणि ते कुठे ठेवावं ते मला कळेना. मी तिला कॉलेजकडे ढकलण्यासाठी पैसे मागितले होते, आणि त्या पैशांनी तिला माणसासारखं वागवून घेण्याची चटक लागली होती.

"आणि कॉलेज?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"आय डोन्ट नो येट," ती म्हणाली. नवऱ्याने तिला अजून एक पुरी वाढली. ती तिने खाल्ली. मीही खाल्ली.

सोमवारी ऑफिसात त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "ऑ हनी! मग आता तिला सगळे पैसे एकदम परत देणार असाल ना? गुपचूप साठवलेले?" म्हणे इथले आईबाप असं करतात. दर महिन्याला घेतात, गुपचूप बाजूला ठेवतात आणि मूल घर सोडून निघालं की चेक हातात देतात. मग सगळे रडतात. अगं बये, हे मला आधी सांगायचं नाही का? आम्ही त्या पैशांचा डिशवॉशर घेतला होता. जुना बंद पडला होता आणि मेस म्हटली की भांडी आलीच.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, सेव्हिंग्जमधून काढून देऊ या, साठवले होते म्हणून सांगू. मी म्हटलं, "तुझ्या काकूंनी दिले होते का तुला परत?"

"नाही," तो म्हणाला. "पण शेवटच्या दिवशी गुलाबजाम केले होते."

म्हणून मी गुलाबजाम केले. ती गेली त्या सकाळी माझ्या गाडीत तिची गादी, दिव्यांच्या माळा आणि कपड्यांच्या पिशव्या भरल्या. मी मिसळणाचा डबा आणि छोटा कुकर पुढे केला. "आई, वी हॅव अ‍ॅन एअर फ्रायर," ती म्हणाली. मी कुकर तिची नजर चुकवून कपड्यांच्या एका पिशवीत खुपसला. तिला तिथे सोडून आलो. जिना चढताना नवऱ्याला धाप लागली आणि तिथल्या दोन मुलींनी त्याच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. मुली बऱ्या होत्या. खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता. परत येताना आम्ही हायवेवरचा आमचा एक्झिट चुकलो.

त्या आठवड्यात तिचे फोन आले, मेसेज आले. भात करताना पाणी किती घालायचं, हे विचारायला तिने एकदा मला मीटिंगमधून उठवलं. मी आनंदाने उठले. तिने कुकर सापडल्याचं कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही.

मग एका शनिवारी म्हणाली, संध्याकाळी येते जेवायला.

मी दुपारपासून स्वयंपाकघरात होते. सहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली. मला वाटलं पार्सल आलं. दार उघडलं तर ही उभी. केस नीट विंचरलेले, अंगात चांगला टॉप, पायांत सँडल. घराची किल्ली तिच्या बोटात अडकवलेली होती.

"किल्ली चालत नाही का?" मी विचारलं.

"चालते. पण आय थॉट, तुम्ही बिझी असाल." आणि तिने हातातला बॉक्स पुढे केला. देसी दुकानातली मिठाई. काजूकतली, वर चांदीचा वर्ख.

कुणाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हे मीच तिला शिकवलं होतं. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून, प्रत्येक काका-काकूंच्या दारात गाडी थांबली की तिच्या हातात बॉक्स देऊन म्हणायचे, तू दे, नमस्कार कर. कुणाकडे जाताना, असं म्हणायचे मी.

"अगं, हे कशाला आणलंस?" मी म्हणाले.

प्लेनोत इतकी वर्षं दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच म्हणत आले आहे. ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि पडल्यावर मला ऐकू आलं. ती हसली, जरा अवघडून. "असंच," म्हणाली. मग आत येऊन सोफ्यावर बसली, कडेला, पाय जुळवून. तेवढ्यात नवरा आतून पाणी घेऊन आला. ट्रेमध्ये. पाहुणे आले की पाणी न्यायचं, हे त्याच्या हाडात बसलंय, बिचाऱ्याचा काही दोष नाही. तिने "थँक यू, बाबा" म्हणत हात पुढे केला.

मला ते बघवेना. मी मध्ये शिरून तो ट्रे काढून घेतला.

"पाणी हवंय तर आत जाऊन घे," मी म्हणाले. "आणि ओट्यावर कोथिंबीर ठेवली आहे ती निवड. आणि सँडल इथे मध्येच काय काढलेस? माणसं अडखळून पडतील."

"अगं, आत्ता आलीये ती," नवरा म्हणाला.

"आपल्या घरी आलीये!" माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल.

ती सोफ्यावरून उठली. "आई," ती म्हणाली, "यू आर येलिंग."

"मग?" मी म्हटलं. "आता तू पैसे कुठे देतेस?"

ती मोठ्यांदा हसली, सँडल पायाने कोपऱ्यात सरकवले आणि कोथिंबीर निवडायला आत गेली.